धारेचा पेला आणि नामंजूर अर्ज
सर्व खातेदारांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कर्ज कुणाला द्यायचं हे मंगळवार पेठेतल्या आमच्या शाखेत एके काळी म्हैस ठरवत असे. ताज्या धारेच्या दुधाचा वास आला की आजही मला आमचे मॅनेजरसाहेब आठवतात. म्हशीसाठी कर्ज मागणाऱ्याला ते पहाटे, म्हशी आणून गिऱ्हाइकांदेखत धार काढून विकतात त्या दुधाच्या कट्ट्यावर गाठत, समोर काढलेल्या धारेचा पेला रिचवत आणि मिशा पुसत निर्णय देत. मग शाखेत कॉम्प्युटर आला आणि तो अर्जदारांना गुण देऊ लागला. त्याच सुमारास नवऱ्यामागे धंदा सांभाळणारी कट्ट्यावरची एक बाई आली. तिची एकुलती म्हैस आटली होती आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे वळायच्या आत तिला नवी हवी होती. शिक्षण नाही, फोन नाही, पगार नाही. पडद्यावर ‘नामंजूर’ उमटलं. मी हळूच म्हणालो, “साहेब, याच्याविरुद्ध सही केलीत तर तुमची बढती अडेल.” साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि अर्जावर ‘माझ्या जबाबदारीवर मंजूर’ असं लिहून सही ठोकली. बाईनं डोळ्यांना पदर लावला, भीत भीत कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सायेब, आता ह्यो तुमच्यावर डूख तर धरायचा न्हाय न्हवं?”