चवीनुसार नको

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. एक तर आत्या वाचेल, आणि दुसरं म्हणजे यातली अर्धी चूक माझी आहे. पण तोंडात तीळ भिजत नाही माझ्या, सगळ्या घराला माहितीये.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. अठ्ठावीस वर्षं ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. तिने चमचाभर चाखल्याशिवाय एकही पातेलं वॉर्डात जायचं नाही. रिटायर झाल्यावर घरात एकटी. टीव्हीशी भांडायची, खरंच. मग तिला ग्रंथालयातला तो ग्रुप मिळाला. महिन्यातून एका रविवारी दहा जण जमतात. एकाने स्वयंपाकाचं पुस्तक निवडायचं, बाकीच्यांनी दोघातिघांनी मिळून त्यातला एकेक पदार्थ करून आणायचा. मागच्या हॉलमध्ये गॅस आहे, तिथे गरम करून सगळे एकत्र जेवतात. नियम एकच: पुस्तक ज्याचं, पहिला घास त्याचा. त्याने प्रत्येक पदार्थ आधी चाखायचा आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं.

या महिन्यात पाळी आत्याची होती. आणि आत्याला चवच येत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी ताप आला, उतरला, आणि जाताना चव आणि वास घेऊन गेला. मला कळलं कारण मी तिच्याकडे जेवायला गेले आणि वरणात मीठच नव्हतं. मी तोंड वाकडं केलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि चेहरा एकदम पडला तिचा.

"अळणी आहे?"

"थोडंसं..."

"कुणाला बोललीस तर तंगडं मोडीन. त्यांना कळलं ना, तर मी तिकडे पाय ठेवणार नाही. बिचारी म्हणवून घ्यायला नाही जायचं मला."

ती बोलते ते करते. तो रविवार गेला तर तिच्याकडे टीव्हीच उरतो.

पुस्तक निवडायला ती मला ग्रंथालयात घेऊन गेली. ग्रंथपालबाईंनी कौतुकाने चकचकीत फोटोंची पुस्तकं काढून ठेवली. आत्या फोटो बघेचना. बोट ठेवून ओळी वाचत होती.

"हे नको."

"का गं? किती छान आहे!"

"चवीनुसार मीठ."

दुसरं उघडलं. "चवीनुसार." तिसरं. "चवीनुसार साखर, आवडीनुसार मिरी. यांना स्वतःला काही ठरवता येत नाही का गं?" सतरा पुस्तकं झाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ताई, स्थळ बघताय की पुस्तक?" आत्या हसली, पण एकही पुस्तक घेतलं नाही.

शेवटी ती घरी आली आणि कपाटातून इस्पितळाचंच जुनं पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, पानं तेलकट, सगळं शंभर ताटांच्या हिशोबाने आणि सगळं वजनावर. मीठसुद्धा. घेवड्याचा रस्सा: मीठ दोनशे ग्रॅम. म्हणजे आपल्या दहा जणांना वीस.

आत्या त्या ग्रुपच्या चॅटवर नाही, तिच्या वतीने मी आहे. मी पानांचे फोटो टाकले आणि तिने सांगितलेलं जसंच्या तसं टाईप केलं: "दहाने भागा. चाखायचं नाही. वजनावर विश्वास ठेवा."

शिवणवाल्या मावशींनी लगेच लिहिलं, "शंभर जण? कुणाचं लग्न ठरलं?" औषधवाले काका म्हणाले, "स्वयंपाक आहे की गणिताचा पेपर?"

आणि मी, शहाणी, त्याच वेळी आईशीही बोलत होते. आईला लिहिलं, "आत्याला तापापासून चव येत नाहीये, कुणाला सांगू नकोस, रविवारी पहिला घास तिचाच आहे, मला भीती वाटतेय." पाठवलं.

ग्रुपवर पाठवलं.

पुसेपर्यंत सहा जणांनी बघितलं होतं. कुणी काही लिहिलं नाही. एक अंगठासुद्धा नाही. आत्याला सांगायची हिंमत झाली नाही. तीन दिवस तिचा फोन आला की मी घाईघाईने आटपायचे. लेक्चरमध्ये काय शिकवलं देव जाणे.

रविवारी मीही आत्याबरोबर गेले. हॉलमध्ये सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. चोराच्या मनात चांदणं, मी कुणाच्या डोळ्यात बघेना. आत्याने ठेवणीतली साडी नेसली होती. तिने काकांचं भोपळ्याचं सूप घेतलं, डोळे मिटले, आणि विचारलं, "मीठ किती?"

"पंधरा ग्रॅम. तराजूवर, औषधासारखं."

"मग बरोबर आहे."

मग मावशी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून केलेला रस्सा. आत्याने चमचा तोंडात घातला, मान डोलावली. "छान झालाय."

मग बाकीच्यांनी वाढून घेतला.

काकांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "छान," म्हणाले. त्यांच्या शेजारचे "छान" म्हणाले आणि तांब्याकडे वळले. मी खाल्ला. समुद्र! नुसता समुद्र! आणि सगळेच्या सगळे मुकाट गिळत होते, छान छान म्हणत होते. तांब्या फिरतोय, फिरतोय, रिकामा झाला.

आत्या तांब्याकडे बघत होती. मग एकेकाच्या तोंडाकडे. तिने चमचा खाली ठेवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला रडूच आलं.

आत्या उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. मला वाटलं संपलं, आता ही परत येत नाही. तेवढ्यात शिवणवाल्या मावशी जवळजवळ ओरडल्याच, "ताई, अहो खारट झालाय! भयंकर झालाय! जायचं तर जा, पण याचं काय करू ते सांगून जा!"

आत्या दारातच थांबली. मग पाठमोरीच म्हणाली, "घशाशी खारट की जिभेवरच?"

"घशाशी. जळतंय."

"तुझ्या नवऱ्यानेही मीठ घातलं का?"

मावशींचा नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "मोजूनच घातलं. वीस ग्रॅम."

"मीपण वीस!" मावशी किंचाळल्या. "चाखायचं नाही म्हणाला होतात ना!"

"बटाटे आणा," आत्या म्हणाली. पिशवी अजून खांद्यालाच. "उकडून कुस्करा, बिनमिठाचे. पाणी वाढवा. आणि दर पाच मिनिटांनी मला खरं सांगा. पेशंटसुद्धा खरं बोलायचे हो माझ्याशी. तुम्ही सगळे मिळून खोटं बोललात."

सगळे गॅसभोवती. एक चाखतोय, एक सांगतोय, ती ऐकतेय आणि हुकूम सोडतेय. चौथ्या खेपेला काका म्हणाले, "आता खरंच छान." तिने त्यांच्या डोळ्यात बघून खात्री केली, आणि मग कुठे पिशवी खुर्चीला अडकवली.

पुढच्या महिन्याला येणार का, असं कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणतात चव येईल, कदाचित नाही येणार. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही. पण काल तिचा फोन आला, दोनच वाक्यं: "बुधवारी जेवायला ये. मीठ बघायला कुणी नाहीये."

मी जातेय. तुमच्याही ओळखीत कुणीतरी एकटं जेवत असेल, ज्यांच्याकडे हल्ली अळणी लागलं आणि तुम्ही "छान" म्हणून उठलात. याच आठवड्यात जा त्यांच्याकडे. जेवा, आणि मीठ कसं झालंय ते खरं सांगा.