पगारी रंगराव

रंगराव विमानावर कधी उजव्या अंगाने चढला नाही. डावीकडून जायचं, इंजिनाच्या पत्र्यावर दोनदा थोपटायचं, काहीतरी पुटपुटायचं आणि मग टांग टाकून आत बसायचं, हा त्याचा शिरस्ता. शिकवणारे इंग्रज कॅप्टन पहिल्या दिवशी हे बघत राहिले आणि त्यांनी मला विचारलं, हा प्रार्थना करतो का? मी म्हटलं, नाही साहेब, ओळख करून घेतो. घोड्याला आधी आपला हात आणि आवाज कळला पाहिजे, हे रंगरावला नीट चालता येण्याआधीच शिकवलेलं. विमानाला हात कळत नसतो असं कोणी सांगायला गेलं, की रंगराव म्हणे, "त्याला नसेल कळत. मला कळतं ने!"

बडोद्यात महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. हरणीच्या बाजूला एक मोकळं मैदान, एक पत्र्याची शेड आणि दोन पंखांवर दोन पंख असलेलं एक विमान, एवढाच आमचा संसार. दरबारने विमानविद्येसाठी दोन शिष्यवृत्त्या दिल्या. त्यातली एक मला, म्हणजे शहरातल्या वाडी भागातल्या एका कारकुनाच्या मुलाला मिळाली. दुसरी रंगरावला. त्याचे वडील आबासाहेब दरबारच्या घोडदळात रिसालदार, घराणं जुन्या शिलेदारांचं. आमच्या घरात लेखणीला जेवढा मान, तेवढा त्यांच्याकडे घोड्याच्या खराऱ्याला. चार महिन्यांत डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत खोट काढली आणि मी जमिनीवर आलो. कॅप्टनना मात्र हवेची नोंद ठेवायला आणि वारा बघायला माणूस हवाच होता, म्हणून त्यांनी मला शेडमध्ये ठेवून घेतलं. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

विमानाचं लायसन दोन तऱ्हेचं असे. एक हौशी, आपल्यापुरतं उडायचं. दुसरं धंद्याचं, म्हणजे पगार घेऊन टपाल आणि माणसं न्यायची. हौशी लायसनला आबासाहेबांची काहीच हरकत नव्हती. पोलो खेळतात, शिकार करतात, तसं हेही. पण रंगरावला धंद्याचंच हवं होतं. कराचीहून मुंबईला टपाल नेणारा वैमानिक व्हायचं, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती.

"दुसऱ्याचं वाहन पैसे घेऊन हाकतो त्याला गाडीवान म्हणतात," आबासाहेब म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात अंग चोरून बसलो होतो. "आपण शिलेदार. स्वतःच्या घोड्यावर बसणारे."

"आपणही दरबारचा पगार घेताच की, आबासाहेब."

"तो पगार नव्हे. तो मान आहे."

"मग आम्हाला मान नको. पगारच द्या," रंगराव म्हणाला आणि खुशाल चहा पिऊ लागला. 

हा त्याचा स्वभावच. वाद घालताना आवाज चढत नसे, भुवई हलत नसे. "नाही म्हणणाऱ्याला पाणी विचारावं आणि आपल्या कामाला लागावं," असं तो म्हणे. अशा माणसावर रागावणं फार कठीण असतं. त्यामुळे लोक त्याच्यावर दुप्पट रागावत.

पण एके ठिकाणी त्याचं काही चालेना. विमान वर न्यायला तो पटकन शिकला, वळवायला त्याहून पटकन. उतरवताना घोटाळा होई. जमीन वेगाने अंगावर येऊ लागली, की त्याच्यातला घोडेस्वार जागा होई. भरधाव घोडा आवरायचा तर लगाम मागे खेचायचा. रंगरावही मांड्या आवळून, पाठ मागे टाकून सुकाणूचा दांडा पोटाशी ओढी. घोडा थांबतो, विमान नाक वर करतं. तेवढ्यात वेग संपतो आणि ते धप्पकन खाली बसतं. तीनदा त्याने ते आपटलं. तिसऱ्या वेळी एका चाकाचा दांडाच मोडला आणि विमान एका पंखावर कलंडलं. रंगराव कपाळावर खोक घेऊन बाहेर आला आणि डावीकडून जाऊन इंजिनाला थोपटून आला.

त्या दिवशी कॅप्टननी त्याला शेडसमोर उभं केलं. ते पलटणीतलं हिंदुस्तानी बोलत. "तुम सुबह घोड़ा चलाता, दोपहर में जहाज. हाथ को कुछ समझता नहीं. घोड़ा छोड़ो, या जहाज छोड़ो. दोनो नहीं चलेगा." विमान दुरुस्त होईपर्यंत मुदत, त्यानंतर एक परीक्षा. त्यात आपटलं तर धंद्याच्या लायसनसाठी नाव पुढे पाठवायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

दुसरा कोणी असता तर चोरून घोड्यावर बसला असता. रंगरावने त्याच संध्याकाळी पागेत जाऊन खोगीर खुंटीला टांगलं आणि वडिलांना सांगितलं, की लायसन मिळेपर्यंत मी घोड्याला हात लावणार नाही. नेमका दसरा आठवड्यावर आला होता. दसऱ्याच्या सवारीत आबासाहेबांच्या मागे थोरल्या मुलाने घोड्यावर असायचं, हा त्यांच्या घराचा पिढीजात मान.

"दसऱ्याला घोड्यावर बसणार नसशील तर या घरात राहू नकोस," आबासाहेब म्हणाले.

"बरं," रंगराव म्हणाला. "कपडे घेऊन जाऊ की असाच?"

तो कपडे घेऊन वाडीत आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, आला. आमच्याकडे, बडोद्यात बहुतेक घरी असतो तसा, ओसरीवर हिंचका, म्हणजे झोपाळा, होता. रंगराव त्याच्यावर बसे, माझ्या आईचं लाटणं विमानाचा दांडा म्हणून गुडघ्यांमध्ये उभं धरी आणि मला जोरात झोका द्यायला लावी. हिंचका पुढे जाई तेव्हा भिंत अंगावर येई. भिंत येत असताना लाटणं ओढायचं नाही. एकेक बोटभर मागे घ्यायचं, विरजलेल्या दह्याचं भांडं हलू देत नाहीत तसं. सकाळ-संध्याकाळ हेच. माझी आई पोळ्यांची कणीक घेऊन ताटकळत उभी राही. "रिसालदारांचा मुलगा आहे, म्हणून बोलता येत नाही," असं ती मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणे. शेवटी शेजारच्या काशीबेनकडून तिने दुसरं लाटणं मागून आणलं.

दसऱ्याला आम्ही दोघे लहरीपुऱ्याच्या दरवाज्याशी, कापडवाल्या जयंतीभाईंच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. मी म्हटलं होतं, जाऊ नये. त्याने ऐकलं नाही. हत्ती गेले, तोफा गेल्या, मग घोडदळ आलं. आबासाहेब पुढे होते, ताठ, मिशा वर वळवलेल्या. त्यांच्या मागे मोतद्दाराने लगाम धरून एक घोडा चालवत आणला होता. त्याच्यावर पूर्ण साज होता, खोगिरावर रंगरावची जरीची पगडी बांधलेली होती आणि स्वार नव्हता. असा घोडा कशासाठी चालवतात हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. स्वार मेला की त्याचा घोडा असा नेतात.

 आसपासचे लोक रंगरावकडे बघू लागले. तो पायरीवरून खाली उतरला, रस्त्याच्या कडेशी गेला आणि त्याने वडिलांना वाकून मुजरा केला. आबासाहेबांनी मान वळवली नाही. घोड्याने मात्र वळवली, त्याला वास लागला असावा. तो अडला, मोतद्दाराने त्याला ओढत पुढे नेलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

जयंतीभाई हळहळून म्हणाले, "अरेरे, रंगरावभाई, आ शुं थयुं?"

"काही नाही, जयंतीभाई," रंगराव म्हणाला. "आम्ही वारलो. तेराव्याला जेवायला या."

परीक्षेच्या दिवशी वारा आडवा होता. मी कॅप्टनना तसं सांगितलं आणि आज नको असंही सुचवलं. रंगराव मध्येच म्हणाला, "आजच. टपाल काय वारा बघून निघतं?" तो वर गेला, मैदानाला फेरी मारून आला आणि उतरू लागला. विमान खाली येत होतं आणि माझी नजर त्याच्या पाठीवर होती. पाठ मागे गेली नाही. नाक जरासं उचललं, चाकं गवतात शिरली आणि विमान धावत जाऊन थांबलं. कॅप्टननी त्याला आणखी दोनदा तेच करायला लावलं. मग त्यांनी सिगारेटची डबी त्याच्यापुढे धरली. पुढे रात्रीचं उड्डाण, लांबचा पल्ला, कागदाची परीक्षा, सगळं रीतसर झालं. धंद्याचं लायसन हातात पडलं आणि टपाल नेणाऱ्या एका कंपनीत त्याला कराचीला नोकरी मिळाली. निघताना तो माझ्या आईच्या पाया पडला आणि तिला नवं लाटणं देऊन गेला. वडिलांकडे गेला नाही. "बोलावलं तर जाईन," एवढंच म्हणाला.

दर दसऱ्याला तो घोडा मोकळा चालत राहिला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी रंगराव रजेवर माझ्याकडे आला तेव्हा त्याने जे सांगितलं, ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं, इतक्या थंडपणे त्याने ते सांगितलं. अहमदाबादेला टपालाच्या पिशव्या चढल्या. त्या विमानात एकदोन उतारूंचीही सोय असे. त्या दिवशी उतारू एकच होता. फेटा, काठी, वळवलेल्या मिशा. आबासाहेब तिकीट काढून आले होते. त्यांनी ओळख दाखवली नाही, यानेही नाही.  मुंबईला उतरल्यावर आबासाहेब विमानापाशी थांबले. टांगेवाल्याला देतात तसा एक रुपया त्यांनी रंगरावपुढे धरला. कंपनीची माणसं बघत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? टोपी काढली, दोन्ही हातांनी घेतला, मुजरा केला."

"अरे, सगळ्यांदेखत?"

"कमाईचा होता."

"आणि ते काही बोलले?"

रंगरावने पाय टेकून हिंचका थांबवला. 

"म्हणाले, चाकं टेकलेली कळली नाहीत."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, साहेब, परतीचं तिकीटही आमच्याच गाडीचं काढा."