सारात गेलेलं बियाणं

नव्वदच्या दशकात जतच्या माळावर एका बियाणे कंपनीच्या शेतात मी टोमॅटोचं नवं वाण तयार करत होते. उन्हाळा अलीकडं अलीकडं सरकत चालला होता. शिमग्याआधीच असं तापायचं की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायची. त्या उन्हातही फळ धरणारं झाड मला हवं होतं. म्हणून मी मुद्दाम उशिरा लागण करायचे, पाणी तोडायचे आणि झाडं करपू द्यायचे. कित्येक उन्हाळे हातात काही लागलं नाही. त्या वर्षी मात्र मोजक्या झाडांनी फळं धरली. मी त्यांना लाल दोरे बांधले आणि बियाण्यासाठी फळं झाडावरच पिकू दिली.

तेवढ्यात कंपनीच्या विश्रामबागच्या कार्यालयात बैठक लागली. परतले तेव्हा पुण्याचे पाहुणे शेतावर जेवायला बसले होते. आमच्या साहेबांनी मलाही पंगतीत बसवलं. वाटीत टोमॅटोचं सार आलं. आपल्याच शेतातले टोमॅटो, असं साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते.

शेतात त्या दिवसांत दुसरे टोमॅटो नव्हतेच.

कुठल्या वाफ्यातले, असं मी विचारलं. तो करपलेला तुकडा पाहुण्यांसमोर बरा दिसत नव्हता, म्हणून फळं तोडून ट्रॅक्टर फिरवला, असं साहेब हसत म्हणाले. पुढच्या वर्षी परत लावा, हेही वर.

"साहेब, करपू दिलं म्हणून तर कळलं कोण तग धरतंय ते," मी म्हणाले. "तुम्ही आत्ता बियाणं पिताय."

एका पाहुण्यानं खाली मान घालून भात कालवायला घेतला. मी ताटावरून उठले.

वाफ्याच्या जागी नुसती ढेकळं होती, त्यांत लाल दोरे अडकलेले. माझ्याबरोबर ते दोरे बांधणारी मजूर बाई बांधावर उभी होती.

"म्याडम, तुमी आल्याबिगार हात लावू नगा, असं आमी सायबास्नी सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई."

फार मऊ झालेली फळं आचाऱ्यानं म्हशीच्या बादलीत टाकल्याचं तिनंच सांगितलं. आम्ही दोघींनी ती बादली ओतली, कांद्याच्या सालींतून फळं वेचली, बी धुऊन फडक्यावर वाळत घातलं. पण कुठलं बी कुठल्या झाडाचं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बियांतून थोडी झाडं टिकली. फळं बारीक, आंबट. तिथून पुन्हा सुरुवात. शेत नीटनेटकं ठेवल्याबद्दल साहेबांना मात्र बढती मिळाली.

मी वाफ्याला तारेचं कुंपण घातलं आणि स्वतःचं कुलूप लावलं. पाहुणे यायचे म्हणून साहेबांनी किल्ली मागवली, तेव्हा मी असेन तेव्हाच या, असा निरोप धाडला. त्यांनी वर तक्रार केली. किल्ली मी दिली नाही.