बाहेरची रेघ

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली 'पेन्सिल' म्हणते. अंगाने तशी, स्वभावाने त्याहून टोकदार, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. मी फ्रेमा करतो, तिच्या चित्रांच्याही करतो. त्यामुळे तिचं कौतुक आणि तिची कटकट दोन्ही माझ्याच वाट्याला आलं.

पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तिने एकतीस वर्षं काढली. दिवसभर पंपांचे नकाशे आणि घरी आल्यावर खुर्च्या. हो, खुर्च्याच. न्हाव्याची फिरती खुर्ची, वॉचमनचं तीन पायांचं स्टूल, दाताच्या डॉक्टरकडचं बाहेरचं बाकडं. माणसं का काढत नाहीस विचारलं की म्हणायची, "माणूस उठून गेला तरी त्याची बसायची तऱ्हा खुर्चीत राहते. ती काढते." वडील याला रेघोट्या म्हणायचे. तिने ते मनावर घेतलं की नाही कोण जाणे, पण खोडरबर कधी घरात येऊ दिला नाही. एक रेघ, एकदाच. चुकली की कागद टराटरा फाडायचा.

पहिलं प्रदर्शन एका बँकेच्या जिन्यात लागलं. दिवसभरात सतरा जणांनी तिला लॉकर कुठे आहेत ते विचारलं आणि एकाने चित्राबद्दल विचारलं. त्या एकाच्या जिवावर ती वर्षभर खूश होती.

निवृत्त झाल्यावर लायब्ररीचा वरचा हॉल मिळाला. बारा चित्रं लावायची होती. पाच झाली आणि तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंप आहे, जायचा नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही. बोलायला त्यांचं काय जातंय! जिची सगळी मिजास एका रेघेवर, तिच्या एका रेघेच्या दोन व्हायला लागल्या. ती कागद फाडत सुटली.

"हॉल नको म्हणून कळव," एक दिवस ती म्हणाली. अंबाड्यात पेन्सिल नव्हती.

"परवा कळवतो," मी म्हणालो. चालढकल करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तिच्या खालच्या मजल्यावर टेलरबाई राहतात. त्यांनी मागेच सांगून ठेवलं होतं, "माझं स्टूल कागदावर नको ताई, कापडावर काढा. कागदातलं मला काही कळत नाही." दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून बहिणीने त्यांच्याकडच्या पांढऱ्या सुती कापडावर ते स्टूल पेन्सिलीने काढलं. सगळ्या पायांना दोन-दोन रेघा पडल्या. तिने तो तुकडा मशीनवर ठेवला आणि वर निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो होतो, तेवढ्यात टेलरबाई कापड घेऊन आल्या. काळ्या दोऱ्याने अख्खं स्टूल शिवलेलं.

"आतल्या रेघेवर टीप मारली. बाहेरची माया म्हणून सोडली. बरोबर ना?"

शिवणीच्या पलीकडे थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. शेजारी शेजारी दोन रेघा दिसल्या, की टेलरबाईंच्या लेखी एक शिवायची आणि एक मायेची.

"अहो, माया कसली! हात थरथरला माझा. चूक आहे ती," बहीण म्हणाली.

"असेना! माया असली तर कपडा उसवून मोठा करता येतो. मला मोजून ठेवावी लागते, तुमची आपसूक पडते."

मी हसलो. बहीण मात्र रडायला लागली. वडील गेले तेव्हाही तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते न कळून मी तिच्यासमोर चहाचा कप सरकवला. तिने नाक पुसलं, कापड उजेडात धरलं आणि म्हणाली, "डावा पाय सरळ शिवलात. तो वाकडाच आहे. उसवा."

मग दोघींची जी जुंपली ती दोन महिने. ही काढणार, त्या शिवणार. टेलरबाईंना वाकडं खपत नव्हतं आणि हिला सरळ केलेलं. न्हाव्याच्या खुर्चीचा हात चारदा उसवला. चौथ्यांदा टेलरबाई कात्री आपटून गेल्या आणि अर्ध्या तासाने कात्री न्यायला म्हणून परत येऊन शिवत बसल्या. अशा सात खुर्च्या झाल्या.

मी एकदा आगाऊपणा केला. पेन्सिलीच्या रेघा पुसून टाकल्या की काम स्वच्छ दिसेल म्हणून फ्रेम करण्याआधी रबर काढला. बहिणीने तो खिडकीतून खाली भिरकावला.

प्रदर्शनाच्या दिवशी कागदावरच्या पाच आणि कापडावरच्या सात खुर्च्या लागल्या. कापडाखाली दोघींची नावं. टेलरबाई दारातच उभ्या, आत यायला तयार नाहीत. एक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ स्टुलाला नाक लावून बराच वेळ बघत होते.

"पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या राहिल्यात वाटतं?"

पूर्वीची ती असती तर चित्र तिथल्या तिथे उतरवलं असतं. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि थरथरत्या हातानेच ती बाहेरची रेघ दाखवली.

"राहिल्या नाहीत, ठेवल्यात. माया आहे ती."

"अर्धा इंच!" दारातून टेलरबाई ओरडल्या आणि तरातरा आत आल्या.