निरोप वेळेवर पोचला

चाकणच्या एका कंपनीत मी चाचणीच्या गाड्या चालवायचो. तेव्हा काही दिवस एक संशोधक माझ्या शेजारी बसायचे. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. गाडीत बसले की आधी बूट काढायचे, मग सीटवरच मांडी घालून लॅपटॉप उघडायचे. त्यांचं काम म्हणजे गाड्यांना एकमेकींशी बोलायला शिकवणं. पुढच्या गाडीने ब्रेक मारला की मागच्या गाडीला बिनतारी निरोप जायचा. अशाने अपघात टळतील, असं सर मोठ्या श्रद्धेने सांगायचे.

एकदा तळेगाव रस्त्यावर आमच्या पुढे त्यांच्याच प्रयोगातली दुसरी गाडी होती.

“अंतर कमी करा,” सर म्हणाले.

“सर, इथं कुणीही मध्ये घुसतं.”

“घुसू द्या राव. आपल्याला आधीच कळणार आहे.”

मी गाडी जवळ नेली. तेवढ्यात पुढच्या गाडीला एक रिक्षा आडवी आली आणि पुढच्याने करकचून ब्रेक मारला. मीही मारला, तरी बंपर आदळलाच. माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. पुढचा ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला.

सर मात्र पडद्याकडे बघून हरखले होते. “निरोप पोचला होता! धडकेच्या आधी पोचला होता!”

त्यांचा आनंद इतका निर्मळ होता की मला धड रागावताही येईना. कपाळ चोळत मी विचारलं, “मग मला का नाही सांगितलं?”

सरांनी मनगटाने चष्मा वर सारला आणि मायेने समजावलं, “ड्रायव्हरला सांगणं पुढच्या टप्प्यात आहे.”