तेलाच्या डब्याचं युकुलेले

युकुलेले हा शब्द आमच्या गावात माझ्याशिवाय कुणाला उच्चारता येत नव्हता, आणि ते वाद्य करता मलाही येत नव्हतं. जळगावच्या होस्टेलवर माझ्या खोलीतल्या सीनियरकडे एक होतं, कुणा नातेवाइकाने परदेशातून आणलेलं, गिटारचं पोर वाटावं एवढंसं, चार तारांचं. वर्षभर मी अभ्यास सोडून तेच वाजवलं. परीक्षा संपल्यावर सीनियर ते घेऊन गेला आणि मी फिजिक्समध्ये नापास होऊन रावेरकडे गावी आलो.

निकाल कळल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, ओरडले असते तर परवडलं असतं. ते बोललेच नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, आणि मीठ माझ्याच पुढ्यात असायचं. उन्हाळाभर हे असंच चालणार या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा, आणि मग राग यायचा. शेवटी मी गोडेतेलाचा एक रिकामा डबा उचलला आणि ठरवलं, आपणच युकुलेले करायचं.

"माह्या पापडांचा डबा हाये तो," आई म्हणाली. मी तोवर त्याला भोक पाडलं होतं.

पुढचं काही विचारू नका. दांडीसाठी मोडक्या खिडकीची सागाची पट्टी घेतली, तिला डब्यात बसवताना पत्र्याने बोट कापलं. तारा म्हणून तापीवरच्या मासे धरणाऱ्यांकडून गळाची नायलॉनची तंगूस आणली. ती ताणायला बाभळीच्या खुंट्या केल्या, तर त्या बसतील तर शपथ! सूर लावावा आणि हात काढावा, की खुंटी आपली निवांत मागे फिरायची. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की लावलेलं सगळं उतरायचं. डबा कितीही धुतला तरी तेलाचा वास जाईना, आणि मुंग्यांना मात्र माझं वाद्य फार आवडलं. दोनदा मी तो डबा अंगणात भिरकावला आणि दोनदा स्वतःच उचलून आणला.

मग दांडीवर आडव्या पट्ट्या बसवायची वेळ आली. याच पट्ट्यांच्या आधाराने बोट दाबून वेगवेगळे सूर काढायचे असतात. सायकलच्या स्पोकचे तुकडे घेऊन मी अंदाजाने खुणा करत होतो, पुसत होतो, स्वतःला शिव्या देत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"असं नही."

आबा होते. माझ्याशीच बोलत होते. त्यांनी सुतळी मागितली, तिला सारख्या अंतरावर गाठी मारल्या आणि दांडीवर ताणून धरली. केळी लावताना ते दोरी धरायचे तशीच. त्यांच्या बागेत कुठूनही बघा, तिरपी ओळसुद्धा सरळ दिसायची, गावात तसा लौकिक होता. त्यांनी प्रत्येक गाठीपाशी खूण केली, मी करवतीने खाचा पाडल्या, दोघांनी मिळून स्पोक ठोकले. ठोकता ठोकता ते पाण्याच्या पाळीबद्दल बोलले, जळगावच्या खानावळीतलं जेवण कसं असतं ते विचारलं. माझं लक्ष पट्ट्यांवर नव्हतंच.

तारा चढवल्या आणि वाजवून पाहिलं. मोकळ्या तारा छान बोलल्या. बोट ठेवलं की मात्र सूर भलतीकडे. मी खुंट्यांना दोष दिला, पत्र्याला दिला, तंगूस बदलली. मग डोक्यात प्रकाश पडला. पट्ट्या डब्याकडे येतील तशा जवळजवळ यायला हव्या होत्या, आणि आमच्या पट्ट्या केळीच्या ओळीसारख्या सारख्या अंतरावर उभ्या होत्या. उपटल्याशिवाय इलाज नव्हता. पण उपटायच्या तर आबांना काय सांगायचं? मी पक्कड हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. स्वतःचीच चीड यायची.

रोज संध्याकाळी आबा ओट्यावर बसून म्हणायचे, "वाजव." मी मोकळ्या तारा छेडायचो. ते भजनात टाळ धरणारे, कान चांगला तयार. एके दिवशी म्हणाले, "मी लावलेल्या पट्ट्यांले तू हातच लावत नही."

माझा संयम सुटला. "कारण त्या चुकल्यात, आबा! सगळ्या चुकल्यात! ही काय केळीची बाग आहे?"

आई दारात येऊन उभी राहिली. आबांनी दांडीवरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"मंग इतके दिवस बोलला कामून नही?"

"तुम्ही बोलायला लागला होता म्हणून."

त्यांनी डबा माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मग पक्कड घेऊन पहिल्या पट्टीखाली तिचं टोक घातलं. "सांग मंग," ते म्हणाले, "कुठी पाह्यजे?"