अक्का म्हणाल्या म्हणून

दिव्यश्री रावांचे पूर्वज बेंगळुरूत नेमके कधी आले, ते घरात कुणालाच सांगता येत नसे. घरी मराठी, दाराबाहेर कन्नड. मल्लेश्वरमहून ती रोज कंपनीच्या बसनं होसकोट्याला जाई. विजेचे पॅनल बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात, एचआरमध्ये, तिला सतरा वर्षं झाली होती. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचं सुपरवायझरशी वाजलेलं, सगळं तिच्या टेबलाशी येऊन थांबायचं. तिच्याहून वयानं मोठे कामगारही तिला अक्का म्हणत.

मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपलीच, असं ती धरून चालली होती. मुलाखत घ्यायला आलेल्या साहेबांनी तोंडभर कौतुक केलं, "तुम्ही तर या कारखान्याची आईच आहात!" जागा मात्र पुण्याच्या शार्दूलला मिळाली. तो तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. साहेबांचा शेरा होता, 'अतिशय प्रेमळ. कठोर होता येईल का, शंका वाटते.' तो कागद फाइलला लावायचं कामही तिचंच होतं. तिच्या शब्दाखातर दोनदा संप टळला होता, ते त्यात कुठंच नव्हतं.

शार्दूल माणूस वाईट नव्हता. इथं मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून खूशच झाला. एकदा कन्नडच्या सवयीनं ती म्हणाली, "स्वल्प थांबा, फाइल आणते," तेव्हा तो खळखळून हसला. "किती क्यूट मराठी आहे तुमचं!" त्या दिवसापासून ती त्याच्याशी तोलूनमापून बोलू लागली.

मार्चमध्ये ऑर्डरी घटल्या. तेवीस माणसं कमी करायची, पण कपात म्हणून नाही. प्रत्येकानं स्वखुशीनं राजीनामा लिहून द्यायचा, असं वरून आलं. शार्दूलनं यादी तिच्यापुढं ठेवली.

"प्युअर परफॉर्मन्सवर काढलीय. बायस नको म्हणून मी स्वतः मार्क्स दिलेत."

तिनं यादी वाचली. संध्याकाळी त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्यांपैकी एकही नाव त्यात नव्हतं. होते ते बहुतेक उत्तर कर्नाटकातले, कॅंटीनच्या कोपऱ्यात डबा खाणारे, साहेब दिसला की वाट बदलणारे. शार्दूलनं हे मुद्दाम केलं नव्हतं. गुण देताना ज्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आले त्यांना जास्त पडले, एवढंच. तिला ते लख्ख दिसलं. बोलायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"यात संताजी आहे. आमच्या समाजातला. चांगला मुलगा आहे तो."

"काढतो की. पण आकडा तेवीसच हवा. त्याच्या जागी कोण?"

ती मिनिटभरही थांबली नाही. "कल्लाप्पा."

"का?"

"तो गडबड करणार नाही."

शार्दूलनं पहिल्यांदाच तिच्याकडं आदरानं पाहिलं.

कल्लाप्पा चौदा वर्षं वायरिंगला होता. त्यानं जोडलेलं पॅनल कधी परत आलं नव्हतं. त्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा दिव्यश्री दवाखान्यात रात्रभर बसली होती. तेव्हापासून तिचा शब्द त्याला शेवटचा.

दुसऱ्या दिवशी तो आला. बस म्हटलं तरी उभाच राहिला. ती त्याच्याशी कन्नडमध्येच बोलली, नेहमीच्या मायेनं. कंपनीची अडचण, तीन महिन्यांचा पगार, सगळं सांगितलं.

"अक्का, तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला. "सही कुठं करू?"

"वाचून तरी घे."

"तुम्ही वाचलंय ना?"

"हो."

त्यानं सही केली. दाराशी थबकून म्हणाला, "तुम्हालाच वाईट वाटत असेल. मनाला लावून घेऊ नका." ती मान हलवत राहिली. आपल्याला रडू आलं नाही, हेच तिला पुढं कित्येक दिवस खुपत होतं.

बावीस जणांनी तिच्यासमोर सह्या केल्या. तेविसावा भांडला, कामगार कार्यालयात गेला, आणि महिन्याभरात पुन्हा कामावर आला. जूनमध्ये संताजीनं जास्त पगार मिळतो म्हणून आपणहूनच नोकरी सोडली. दिव्यश्री उपव्यवस्थापक झाली.

ऑगस्टमध्ये कल्लाप्पाचा फोन आला. यशवंतपूरच्या बाजारात तो पोती उचलत होता. एका पॅनलच्या कंपनीत मुलाखत लागली होती.

"अक्का, का सोडलं म्हणून विचारतील. काय सांगू?"

"स्वखुशीनं सोडलं म्हण."

"सरी, अक्का. तसंच सांगतो."

चार दिवसांनी त्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "कल्लाप्पांनी नोकरी स्वतःहून सोडली?"

"हो."

"तुम्ही त्यांना परत घ्याल?"

सही केलेल्या बावीस जणांच्या नावापुढं कंपनीनं 'पुन्हा घेऊ नये' असं लिहून ठेवलं होतं. शार्दूल काचेपलीकडं बसला होता. "नाही," दिव्यश्री म्हणाली. का, ते त्या मुलीनं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

आठवड्यानं पुन्हा त्याचा फोन आला.

"नाही झालं अक्का. मुलाखत तर चांगली झाली होती. माझ्यातच काहीतरी कमी असणार."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडं हमालांचा आरडाओरडा चालू होता.

"असं काही नसतं रे," ती म्हणाली. "दुसरीकडं बघ."

"बघतो. तुम्ही माझ्यासाठी बोलला असाल, ठाऊक आहे मला," तो म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.